संगणकाची डागडुजी की नवी बांधणी?

हैदराबाद शहरात काचीगुड्याहून नारायणगुड्याकडे निघाले की मध्ये बरकतपुरा लागतो. येथील चमनच्या आसपास एकेकाळी अंगणाची आणि ओसरीची बैठी घरे होती. त्यांतील पुष्कळ घरे आता दिसत नाहीत. त्यांच्या जागी अनेक मजली इमारती उभ्या आहेत. अशा जुन्या घराच्या मालकापुढे एके दिवशी एक प्रश्न उभा राहतोच. राहते घर न सोडता भिंतींना गिलावा करावा, विजेच्या तारा नव्या ओढाव्यात आणि आहे तेच घर पुढे चालवावे. की सामान हलवून, घर पाडून, त्याच जागेवर पायापासून नवे बांधावे? पहिल्या मार्गात गैरसोय थोडी, पण भिंतीतील जुनी ओल तशीच राहण्याची धास्ती. दुसऱ्या मार्गात घर कोरे करकरीत मिळते. पण हलवाहलवीत आजोबांच्या पेटीतील कोणता कागद हरवला, हे पुष्कळदा वास्तुशांत झाल्यावर ध्यानात येते.

घरोघरच्या संगणकांपुढे नेमका हाच प्रश्न आला आहे. संगणकाचे यंत्र आणि त्यावर काम करणारे प्रोग्राम यांच्यामध्ये जी कारभारी व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम किंवा संचालन प्रणाली म्हणतात. पडद्यावर अक्षर उमटवणे, कागदपत्र कपाटात ठेवावे तसे फाइल ठेवणे, छपाईयंत्राला हुकूम देणे ही सारी कामे तिच्याकडून होतात. भारतातील असंख्य घरांत ही प्रणाली म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज. तिची दहावी आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत, दुसऱ्या दिवशीही ते पूर्ववत चालू झाले. फरक एवढाच पडला, की प्रणालीत यापुढे सापडणारी सुरक्षेची भोके कंपनीकडून आपोआप बुजवली जाणार नाहीत. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने नोंदणीच्या अटीवर आणखी एक वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सवलत जाहीर केली. सवलतीने मुदत मिळते. निर्णय मात्र टळत नाही.

निर्णयाचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला अपग्रेडचा. त्यात जुन्या प्रणालीवरच नवी चढवली जाते. मालकाच्या फाइली, बसवलेले प्रोग्राम आणि त्याने लावून घेतलेली व्यवस्था बहुतांशी जागच्या जागी राहते. दुसरा क्लीन इन्स्टॉलचा, म्हणजे कोऱ्या बांधणीचा. त्यात प्रणाली जेथे वसते तो डिस्कचा भाग पुसून टाकतात आणि त्यावर नवी प्रणाली आरंभापासून बसवतात. दुकानदाराच्या भाषेत याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. हैदराबादच्या दुरुस्तीवाल्याकडे संगणक नेला, की पुष्कळदा तो एकच उपाय सांगतो, “फॉर्मेट मार देतूं साब, नवा हो जाता.” हा उपाय तो कपटाने सुचवत नाही. तरीही मालकाने तो ऐकताच मान डोलवावी काय, याचा विचार झाला पाहिजे.

फॉरमॅटची ही सवय आली कोठून, हे पाहिले म्हणजे तिचे आजचे मोल ठरवता येते. विंडोज ९५ आणि ९८ यांच्या काळात प्रणालीवर प्रणाली चढवली, की जुने दोष नव्या घरात राहावयास येत असत. पुढे पेनड्राइव्ह आले आणि एका संगणकाचा विषाणू दुसऱ्यात नेण्याचे काम त्यांनी चोख बजावले. शिवाय बिनपरवान्याच्या प्रती सर्रास वापरल्या जात. त्यांना अधिकृत सुधारणा पुरत्या लाभत नसत, आणि बिघाड झाला की पुसून पुन्हा बसवणे हाच मार्ग उरे. त्यात आणखी एक भर पडली. २००१ साली आलेली विंडोज एक्सपी लोकांनी वर्षानुवर्षे वापरली आणि २००९ साली विंडोज ७ आली, तेव्हा एक्सपीवरून थेट ७ वर चढण्याची सोयच कंपनीने ठेवली नव्हती. ज्यांना ७ हवी होती त्यांना कोरी बांधणी करणे भाग पडले. अशा रीतीने एका संपूर्ण पिढीच्या कारागिरांच्या हाताला एकच वळण लागले.

तथापि काळ पालटला. २००७ साली ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अपग्रेडची रीतच बदलली. जुन्या भिंतीला ठिगळ लावण्याऐवजी नव्या प्रणालीची पूर्ण प्रतिमा प्रथम शेजारी मांडली जाते आणि मग जुन्या घरातील फाइली, प्रोग्राम व मांडणी तीत आणून बसवली जाते. जुनी प्रणाली काही काळ एका वेगळ्या फोल्डरमध्ये शिल्लक ठेवली जाते. विंडोज १० वरून ११ वर गेल्यास सामान्यतः दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते. अर्थात जुने प्रोग्राम बरोबर येतात, तसे त्यांचे दोषही येऊ शकतात, हे आजही खरे आहे. पण अपग्रेड म्हणजे घाणीवर चढवलेला रंग, ही समजूत आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

मग कारागीर फॉरमॅटचाच आग्रह का धरतो? याचे उत्तर त्याच्या हिशेबात आहे. कोऱ्या बांधणीला किती वेळ लागणार, हे त्याला आधी ठाऊक असते. अपग्रेड अध्येमध्ये अडले तर कारण शोधण्यात दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी त्याला कोणी देत नाही. त्यामुळे फॉरमॅट त्याला परवडते. त्याची खरी किंमत पुढे मालक मोजतो. घरी नेलेला संगणक चपळ वाटतो; पण आठ दिवसांनी छपाईयंत्र चालत नाही, पंधरा दिवसांनी एका खात्याचा पासवर्ड सापडत नाही, आणि मार्च महिन्यात हिशेबाचा प्रोग्राम परवाना मागतो. ज्या उपायाची किंमत एकाने ठरवायची आणि दुसऱ्याने भरायची, त्या उपायाचा निर्णय भरणाऱ्याने केला पाहिजे. तो करण्यासाठी आपल्या संगणकात काय काय आहे, हे मात्र मालकाला ठाऊक असावे लागते. बहुधा तेच ठाऊक नसते.

समजा, बरकतपुऱ्यात एका निवृत्त शिक्षकाच्या घरी २०१९ साली घेतलेला संगणक आहे. त्यात विंडोज १० आहे आणि तो अलीकडे संथ झाला आहे. घरच्यांच्या मते त्यात ‘फोटो आणि काही कागद’ आहेत. पण शांतपणे यादी करावयास बसले की ती लांबत जाते. लग्नकार्यांची छायाचित्रे आहेत. भविष्यनिर्वाह निधीचे कार्यालय बरकतपुऱ्यातच असल्याने त्या कामाचे कागद वेळोवेळी स्कॅन करून ठेवलेले आहेत. हयातीचा डिजिटल दाखला काढण्यासाठी घेतलेले बोटाच्या ठशाचे यंत्र आहे आणि ते ज्यावर चालते तो ड्रायव्हर आहे. मुलाच्या दुकानाचे टॅलीतील हिशेब आहेत. ते हिशेब सी ड्राइव्हमध्ये असले तर फॉरमॅटबरोबर जातील. आणि टॅलीचा परवाना आधी रीतसर परत करून ठेवला नाही, तर नव्या मांडणीत तो पुन्हा चालू करताना खोळंबा होऊ शकतो. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड आहेत. ऑफिसची एकदाच विकत घेतलेली जुनी आवृत्ती आहे. तिची किल्ली लिहिलेले कार्ड कोठे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. ‘डेस्कटॉप’वर ठेवलेल्या पन्नास फाइली आहेत. डेस्कटॉप हाही बहुधा सी ड्राइव्हचाच भाग असतो, ही गोष्ट अनेकांना फॉरमॅट झाल्यानंतर कळते.

आणि या सर्वांच्या तळाशी एक फोल्डर आहे. त्यात मराठी मजकूर आहे.

हैदराबादसारख्या शहरात या फोल्डरचे मोल वेगळे असते. मराठवाडा, तेलंगण आणि कानडी जिल्हे मिळून झालेल्या हैदराबाद राज्याची १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार विभागणी झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. राजधानीत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे मात्र जेथल्या तेथे राहिली. विवेकवर्धिनी, मराठी ग्रंथसंग्रहालय, मराठी साहित्य परिषद यांसारख्या संस्थांनी येथे मराठीचा संसार चालवला. घराण्याच्या आठवणी, मंडळांची इतिवृत्ते, स्मरणिकांचे लेख, आजीने सांगितलेल्या ओव्या असा पुष्कळ मजकूर मागील पिढीने संगणक आल्यावर हौसेने त्यावर उतरवून ठेवला. तो मजकूर पुष्कळदा अन्यत्र कोठेच नसतो.

त्यातील अडचण मराठी अक्षरांच्या जुन्या बांधणीची आहे. आज मराठी मजकूर युनिकोड पद्धतीने साठवला जातो. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हाच तीत देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्की या भारतीय संकेतावरून घेतलेली होती. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० बरोबर. आणि सवयीत ती रुजण्यास आणखी पुष्कळ वर्षे गेली. तोपर्यंत, आणि छपाईच्या कामात त्यानंतरही, श्रीलिपी, आकृती यांसारख्या पॅकेजांतील फॉन्ट वापरात होते. या जुन्या फॉन्टांची युक्ती साधी होती. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. फाइलीत प्रत्यक्षात साठे ती इंग्रजी चिन्हे. फॉन्टचा चष्मा लावला की ती मराठी दिसत. शिवाय प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत निराळी असल्याने एकीचा चष्मा दुसरीच्या मजकुराला चालत नसे.

आता फॉरमॅट झाल्यावर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. हे फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात आणि प्रणालीबरोबर तेही पुसले जातात. मजकुराच्या फाइली वाचवून ठेवल्या असल्या, तरी त्या उघडल्यावर पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग उमटते. घरच्यांना वाटते, फाइल बिघडली. कारागिराला विचारावे, तर त्यालाही तसेच वाटते. पुण्यातील एखादा कारागीर ती रांग पाहून कदाचित ‘हा जुन्या मराठी फॉन्टचा मजकूर’ असे चटकन ओळखेल. हैदराबादच्या कारागिराच्या दृष्टीस असा मजकूर क्वचितच पडलेला असतो. तो सद्भावनेनेच सांगतो, की या फाइली गेल्या, काढून टाका. वस्तुतः फाइल शाबूत असते, हरवलेला असतो तो चष्मा. चष्म्याअभावी वडिलांची वही रद्दीत टाकावी, तसा हा प्रकार होतो. आणि त्यात चूक कोणाची, हे कोणालाही कळत नाही.

अपग्रेड केल्यास हे फॉन्ट बहुधा जागेवर राहतात, हा त्या मार्गाचा मराठी माणसाच्या दृष्टीने मोठाच लाभ. पण तेवढ्यावर निश्चिंत होणे योग्य नाही. फॉन्ट राहिला तरी तो वापरणारा जुना टंकलेखनाचा प्रोग्राम चालेलच असे नाही. विंडोज ११ ही केवळ ६४ बिटी प्रणाली आहे आणि ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्राम चालत नाहीत. विंडोज ९५ च्या काळातील काही प्रोग्राम त्याच जातीचे आहेत. काही प्रोग्रामांना परवान्याची खूण म्हणून छपाईयंत्राच्या जुन्या जोडणीत एक लहानसा डोंगल लावावा लागे. ती जोडणीच आता नव्या संगणकांवर नसते. म्हणजे अपग्रेडने मरण पुढे ढकलले जाते, रोग बरा होत नाही. इलाज एकच आहे. प्रथम फॉन्टच्या फाइली मजकुराच्या फोल्डरमध्येच शेजारी उतरवून ठेवाव्यात. फॉन्ट चालू आहेत तोपर्यंत महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ प्रत करावी; पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत केला, की ती कोठेही मराठीच दिसते. त्यानंतर परिवर्तक प्रोग्रामाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि तो मूळ प्रतीशी ताडून वाचावा. हे वाचन टाळण्याजोगे नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असे. युनिकोडमध्ये हे क्रम उलट आहेत. त्यामुळे परिवर्तनात वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र हटकून दगा देतो. ते दुरुस्त करणे यंत्राचे काम नाही. तेथे मराठी वाचणारा माणूसच हवा, आणि शक्यतो तो मजकूर ज्याने लिहिला तोच हवा. म्हणूनच हे काम मागील पिढी हयात आणि डोळस आहे तोवर होणे अगत्याचे आहे.

येथे प्रतीचा विषय ओघानेच येतो. मार्ग कोणताही निवडला, तरी आरंभ प्रतीपासून झाला पाहिजे. अपग्रेडमध्ये फाइली जागेवर राहतात, म्हणून प्रत कशाला, असे म्हणणे हे दुरुस्तीत भिंत पडणार नाही म्हणून दागिने भिंतीतील कपाटातच ठेवण्यासारखे आहे. वीज गेली, डिस्क थकली, तर अपग्रेडही अर्ध्यावर मोडते. जाणकार एक सोपा नियम सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत या हिशेबात धरू नये. सी आणि डी हे पुष्कळदा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. फॉरमॅटच्या वेळी चुकीचा कप्पा पुसला जाण्याचा धोका असतो तो निराळाच. प्रत ‘दुसऱ्या ठिकाणी’ का, हे हैदराबादकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने या शहराची वाताहत केली, आणि ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीतही अनेक वस्त्यांतील घरांत पाणी शिरले. तेव्हा एक प्रत पुण्याच्या किंवा औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नातलगाकडे असावी, नाहीतर इंटरनेटवरील साठवणीत असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही केवळ आशा होय.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर निवड करणे फारसे अवघड राहत नाही.

संगणक निरोगी आहे, नव्या प्रणालीच्या अटी तो पुऱ्या करतो, आणि त्यात असे प्रोग्राम आहेत की ज्यांची मूळ तबकडी वा किल्ली आता मिळणार नाही, तर अपग्रेडच श्रेयस्कर. विंडोज ११ च्या अटींपैकी मुख्य म्हणजे किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, सुरक्षित आरंभाची सोय, टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटक आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर; इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचे. टीपीएमची सोय यंत्रात असूनही बंद ठेवलेली असू शकते. ती चालू करून पाहावी. कंपनीचा तपासणीचा प्रोग्राम विनामूल्य मिळतो आणि या सर्वांची छाननी काही मिनिटांत करून देतो.

उलट काही प्रसंगी कोऱ्या बांधणीला पर्याय नाही. संगणकात विषाणू शिरल्याची सबळ शंका असेल, तर जुन्या घरातील काहीही विश्वासून पुढे नेणे धोक्याचे. बत्तीस बिटी विंडोजवरून चौसष्ट बिटीवर अपग्रेड होतच नाही. संगणक जुना विकत घेतला असेल किंवा दुसऱ्याला द्यावयाचा असेल, तर तो कोराच केला पाहिजे. प्रणालीच्या मूळ फाइली बिघडून अपग्रेड वारंवार अडत असेल, तर हट्ट सोडावा. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवायची असेल, तर जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवता येते. पण कोऱ्या बांधणीचीही ती उत्तम संधी होय, कारण जुनी डिस्क न पुसता तशीच हाताशी राहते. संथपणाची तक्रार असलेल्या पुष्कळ संगणकांचे खरे दुखणे प्रणालीत नसून या फिरत्या डिस्कमध्ये किंवा अपुऱ्या स्मृतीत असते. तेथे नुसत्या फॉरमॅटने आलेली चपळाई फार काळ टिकत नाही.

कोरी बांधणी करताना तीन खबरदाऱ्या घ्याव्यात. पहिली, नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा. एरवी इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, असा पेच पडतो. दुसरी, विंडोजचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. डिजिटल परवाना यंत्राशी जोडलेला असतो आणि त्याच यंत्रावर तीच आवृत्ती बसवल्यास तो सामान्यतः आपोआप ओळखला जातो. तिसरी खबरदारी कुलपाची. डिस्कवर बिटलॉकरसारखे सांकेतिक कुलूप असेल, तर त्याची अठ्ठेचाळीस आकडी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, कोरी बांधणी करताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यास, पात्र संगणकांवर हे कुलूप आपोआप लागते. मालकाला कुलूप लागल्याचे ठाऊक नाही आणि किल्ली ज्या खात्यात आहे त्याचा पासवर्ड कारागिराने घातला होता, अशी स्थिती झाली तर पुढील बिघाडाच्या वेळी स्वतःचेच घर स्वतःला बंद होते.

राहता राहिला तिसरा मार्ग, काहीच न करण्याचा. तोही एक निर्णयच असतो, आणि त्याचीही किंमत असते. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, फाइलींना कुलूप लावून पैसे मागू लागला. ब्रिटनमधील रुग्णालये अडली आणि आंध्र प्रदेशातील काही पोलीस ठाण्यांचे संगणकही त्याच्या तडाख्यात सापडले. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारी सुधारणा चालू आवृत्त्यांसाठी मार्च महिन्यातच निघाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती किंवा ज्यांच्या प्रणालीला ती मिळतच नव्हती, ते उघडे पडले. म्हणून ज्यांचा संगणक २०१५–१६ च्या सुमाराचा आहे आणि विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, त्यांनी निदान बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. अशा यंत्राला लिनक्सच्या कुळातील उबुंटूसारखी मुक्त प्रणाली नवे आयुष्य देऊ शकते. तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघते आणि तिला पाच वर्षे देखभाल मिळते. तीत वापरणाऱ्याच्या फाइलींसाठी डिस्कचा वेगळा कप्पा करता येतो, म्हणजे पुढे कधी प्रणाली कोरी करावी लागली तरी घरचे सामान जागचे हलत नाही. मात्र टॅलीसारखे विंडोजसाठी बनवलेले प्रोग्राम तीवर सरळ चालत नाहीत, हे जाणूनच तिच्याकडे वळावे.

आता बरकतपुऱ्यातील त्या कल्पित शिक्षकाचा प्रश्न पुन्हा पाहू जाता उत्तर बरेच स्पष्ट दिसते. यंत्र २०१९ चे आहे. तपासणीत ते अटींत बसले, तर त्यांनी प्रथम यादी करावी, फॉन्टसह सर्व मजकुराच्या प्रती घ्याव्यात आणि त्या मुलीच्या किंवा शेजाऱ्याच्या संगणकावर उघडून पाहाव्यात. त्यानंतर अपग्रेड करावे, कारण हरवलेल्या किल्लीचे ऑफिस आणि जुने मराठी फॉन्ट त्याच मार्गाने टिकण्याचा संभव अधिक. दहा दिवसांच्या आत छपाईयंत्र, ठशाचे यंत्र, टॅली आणि जुना मराठी मजकूर हे चारही तपासावेत. काही अडले तर मागे फिरण्याची वाट तोवर उघडी असते. संथपणा राहिलाच, तर एसएसडी बसवावी आणि त्या वेळी कोऱ्या बांधणीचा विचार करावा. तोपर्यंत मराठी मजकूर युनिकोडमध्ये आलेला असेल, किल्ल्या वहीत लिहिलेल्या असतील, आणि पुसण्याजोगे काय व जपण्याजोगे काय हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असेल. तेव्हा कारागिराने ‘फॉर्मेट मार देतूं’ म्हटले, तरी घाबरण्याचे कारण उरणार नाही.

अपग्रेड चांगले की फॉरमॅट, या वादात लोक यंत्राकडे पाहून उत्तर शोधतात. उत्तर पुष्कळसे मालकाच्या तयारीवर अवलंबून असते. ज्याच्याजवळ यादी आहे आणि पारखलेली प्रत आहे, त्याला दोन्ही मार्ग मोकळे आहेत आणि दोन्ही निर्धोक आहेत. ज्याच्याजवळ ती नाही, त्याला दोन्ही सारखेच धोक्याचे. प्रणाली तर आणखी दहा वर्षांनी पुन्हा बदलणार आहे. बाजारात नवी प्रणाली नेहमीच मिळेल. आजीच्या ओव्या, मंडळाचे इतिवृत्त आणि वडिलांनी जुन्या फॉन्टमध्ये उतरवलेल्या घराण्याच्या आठवणी मात्र कोणत्याही कंपनीकडून पुन्हा विकत मिळणार नाहीत. त्यांची सोय आधी लावावी. संगणकाची सोय मग सहज लागते.